सांगलीत कुत्रं-मांजर घेऊन भाड्यानं घर शोधताय? मग हे वाचून निघा

बदली झालीय, पोराची ॲडमिशन झालीय नाहीतर नवीन जॉब लागलाय, आणि सोबत कुत्रं किंवा मांजर आहे, अशा सांगली-मिरजेला नव्यानं येणाऱ्या लोकांसाठी हे लिहितोय. पुण्या-मुंबईत ॲपवर पेट फ्रेंडलीचा फिल्टर टाकला की चार घरं तरी दिसतात. इकडं त्याचा फारसा उपयोग नाही, कारण इकडची बरीच भाड्याची घरं म्हणजे बंगल्याचा वरचा मजला, नाहीतर रो-हाऊसचा अर्धा भाग, नाहीतर आठ-दहा फ्लॅटचं छोटं अपार्टमेंट ज्याचा मालक त्याच गल्लीत राहतोय. म्हणजे प्राणी ठेवू द्यायचा का नाही हे कुठली कमिटी ठरवत नाही, खालच्या मजल्यावरचे काका ठरवतात आणि खरं तर काकूच ठरवतात. त्यामुळं सगळी तयारी त्या दोघांना भेटायची करायची, बाकीचं नंतर.

आधी जनावराची फाईल करा

घर बघायला जायच्या आधी एक साधी प्लॅस्टिकची फाईल करा. त्यात लसीकरणाचं कार्ड पाहिजे, रेबीजची तारीख चालू वर्षाची पाहिजे (पिल्लाला पहिला डोस साधारण तीन महिन्यांचं झालं की देतात आणि मग दरवर्षी), कुत्रं असेल तर नाइन-इन-वन किंवा सेव्हन-इन-वनची (एकाच इंजेक्शनात बऱ्याच आजारांवरची लस) नोंद, मांजर असेल तर ट्रायकॅट या मांजरांच्या लसीची. नसबंदी झाली असेल तर त्याचा डॉक्टरांनी दिलेला कागद जरूर ठेवा. मादी असेल आणि ऑपरेशन झालेलं नसेल तर ती हीटवर आल्यावर गल्लीतली सगळी कुत्री गेटपाशी येऊन बसतात, रात्रभर भांडतात, आणि ही गोष्ट इथल्या मालकांना चांगली माहिती असते, ते पहिलाच प्रश्न तो विचारतात. शिवाय आधीच्या घरमालकांचा नंबर त्यांना विचारून ठेवा, "हो, दोन वर्षं होतं, काही त्रास नव्हता" एवढं जरी ते फोनवर म्हणाले तरी निम्मं काम होतं.

महापालिकेकडं कुत्र्याच्या नोंदणीची चौकशी आल्या आल्या करून टाका, आरोग्य विभागात विचारा. पावती फाईलला लावली की मालकालाही बरं वाटतं की माणूस नीट आहे.

एरिया ठरवताना पाणी आधी, बाकी सगळं नंतर

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बाहेरून आलेल्या माणसाला उन्हाळ्यात घर बघताना याची कल्पनाच येत नाही. एप्रिलमध्ये नदीकडची घरं छान वाटतात, शांत गल्ली असते, भाडं कमी असतं, दारात झाड असतं. पण कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात, 40 फूट इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्या पुढं गेलं होतं, 2005 आणि 2021 लाही मोठा पूर आला. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड, सांगलीवाडी, गावभागाचा आणि मारुती चौकाचा खालचा भाग, ही नावं दर पुराच्या बातम्यांत येतात. शामरावनगरला तर नदीचं पाणी नसलं तरी पावसाचं साचतं.

माणूस एकटा असला तर पाणी वाढायला लागल्यावर एक बॅग उचलून नातेवाइकाकडं जातो. सोबत तीस किलोचं लॅब्रॅडॉर असलं की तसं होत नाही. बोटीत त्याला घेतील का, शाळेत सोय केलीय तिथं त्याला ठेवू देतील का, याची खात्री कोणी देत नाही, आणि 2019 ला कितीतरी लोक जनावर सोडून निघायला तयार नव्हते म्हणून वरच्या मजल्यावर अडकून बसले. म्हणून माझं ठाम मत आहे की प्राणी असेल तर नदीकडच्या भागात तळमजला घ्यायचाच नाही, भाडं निम्मं असलं तरी. घर आवडलंच तर मालकाला नाही, शेजारच्या दुकानदाराला विचारा, "अण्णा, एकोणीसला पाणी इथं कुठंपर्यंत होतं?" तो हात करून दाखवतो. बऱ्याच भिंतींवर खूण पण अजून दिसते.

विश्रामबाग, शंभर फुटी रोडच्या वरच्या बाजूचा भाग, विजयनगर, वारणाली, कुपवाडकडचा पट्टा, मिरजेचा नदीपासून लांबचा भाग, इकडं पुराची भीती बरीच कमी. विश्रामबागला वालचंद आणि विलिंग्डन कॉलेज असल्यामुळं मालकांना पोरांना खोल्या देणं परवडतं, एका फ्लॅटमध्ये चार पोरं ठेवली की भाडं जास्त येतं, म्हणून जून ते ऑगस्ट तिथं प्राणीवाल्या माणसाला कोणी उभं करत नाही. तिथंच पाहिजे असेल तर मार्च-एप्रिलमध्ये बघा, शाळेच्या परीक्षा झाल्या की फॅमिलीवाले घरं बदलतात तेव्हा. विजयनगरला कलेक्टर ऑफिस आणि कोर्ट असल्यामुळं बदलीवाले लोक येत-जात असतात, तिथल्या मालकांना बाहेरच्या माणसाची सवय आहे. मिरजेत मेडिकल कॉलेज आणि दवाखान्यांमुळं डॉक्टर लोक भाड्यानं राहतात, त्यातल्या कितीतरी जणांकडं कुत्री आहेत, त्यामुळं तिथले मालक हा विषय ऐकून दचकत नाहीत.

मिरजेबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, आवाजाला घाबरणारं कुत्रं असेल तर लक्ष्मी मार्केट ते गणेश तलाव या विसर्जनाच्या वाटेवर घर घेऊ नका. मिरजेची अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, स्वागत कमानी, ढोल, स्पीकर सगळं दारात असतं. माणसाला ती बघायला मजा येते, पण कुत्रं बेडखाली थरथरत बसतं, खात नाही, पाणी पीत नाही.

कडेच्या नवीन वसाहतीत घर असेल तर मागं काय आहे ते बघा. मोकळा प्लॉट, गाजर गवत किंवा पलीकडं ऊस असेल तर गोचीड आलीच, आणि गोचिडीचा ताप कुत्र्याला फार वाईट पडतो. साप पण निघतात, नाग आणि घोणस दोन्ही. घर सोडून द्या असं म्हणत नाही, पण कंपाउंडची भिंत धड आहे का, गेटच्या खाली फट किती आहे, हे वाकून बघा.

घर कुठं विचारायचं

एजंटकडं जा, पण सगळ्यात आधी नको. एजंटला कुत्रं म्हटलं की तो "बघू, सांगतो" म्हणतो आणि फोन करत नाही, किंवा "आधी शिफ्ट व्हा, मग हळूच आणा" असं सांगतो. हे दुसरं अजिबात ऐकू नका, त्याची ब्रोकरेज सुटते आणि तुम्ही महिन्याभरात सामानासकट रस्त्यावर येता, त्यात जनावराचे हाल होतात ते वेगळेच.

त्यापेक्षा जनावरांच्या डॉक्टरकडं जा. गावात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने मोजके आहेत, सगळे कुत्रेवाले फिरून तिथंच येतात, आणि कोणत्या गल्लीत कोणाकडं काय आहे हे तिथल्या कंपाउंडरला पाठ असतं. तसंच डॉग फूड विकणारी दुकानं, त्यांना होम डिलिव्हरीचे पत्ते माहिती असतात. "दादा, कुत्रं चालणारं घर पाहिजे, कोणी भाडेकरू ठेवतं का ज्यांच्याकडं स्वतःचं कुत्रं आहे?" असा सरळ प्रश्न विचारा. ज्या मालकाच्या स्वतःच्या घरात कुत्रं आहे किंवा होतं, तोच तुमचा खरा मालक. एक म्हातारं कुत्रं नुकतंच गेलेलं घर असेल तर काकूच तुमच्या पिल्लाला खाली ठेवून घेतात, हे मी बघितलंय.

मग संध्याकाळी सहा-सातला ठरवलेल्या एरियात नुसतं फिरा. कुत्रं फिरवणारी माणसं भेटतात, त्यांच्यातला एखादा तरी भाडेकरू असतोच, त्याला त्याचं घर कसं मिळालं विचारा. "भाड्याने देणे आहे" ची पाटी दिसली की फोटो काढा, नंबर पाटीवरच असतो. इथं अजून बरीच घरं पाटीवरच जातात, नेटवर येतच नाहीत.

फोनवर काय बोलायचं

पहिल्याच फोनला सांगायचं. "नमस्कार काका, पाटी बघून फोन केला, आम्ही दोघं आणि एक कुत्रं आहे, पाच वर्षांचं, इंजेक्शनं सगळी झालीत, चालेल का?" एवढंच. नाही म्हणाले तर धन्यवाद म्हणून फोन ठेवा, वाद घालू नका, कारण तेच काका आठ दिवसांनी दुसऱ्या कोणाचं घर सुचवतात. लपवून घर बघायला गेलात, काकूंनी चहा केला, मग विषय काढलात तर त्यांना फसवल्यासारखं वाटतं आणि होणारं घर पण जातं.

"बघू" म्हणाले तर कुत्र्याला एकदा भेटवायची परवानगी मागा. भेटायला नेताना आधी त्याला लांब फिरवून दमवा, अंघोळ घाला, पट्टा आखूड धरा आणि गेटच्या बाहेरच थांबा, त्यांनी बोलावल्याशिवाय आत जाऊ नका. घरात देवघर असतं, सोवळं असतं, नातवंडं असतात. ब्रीडपेक्षा आकाराची भीती जास्त असते, त्यामुळं जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलर असेल तर पहिल्यांदा फोटो आणि व्हिडिओ दाखवा, मग प्रत्यक्ष न्या. देशी कुत्रं असेल तर अजिबात कमीपणा मानू नका, उलट सांगा की अंगावर केस कमी, इथलं ऊन सोसतं, खायला फार नखरे नाहीत.

खाण्याचा विषय सांगलीत निघतोच. इथं जैन आणि लिंगायत मालक खूप आहेत, घरात मांस-मच्छी शिजवायची नाही ही अट सरळ सांगतात आणि त्यात कुत्र्याचं चिकन पण आलं. अट मान्य असेल तरच हो म्हणा. ड्राय फूड, पनीर, दही-भात यावर बरीच कुत्री मजेत राहतात, ड्राय फूडमध्ये मांस असतं हे पण काकांना आधीच सांगून विचारा, पुडा बघून नंतर वाद नको. मांजराचं मात्र तसं नाही, मांजराला मांसातलंच प्रोटीन लागतं, त्याला शाकाहारावर ठेवलं तर ते आजारी पडतं. म्हणून मांजरवाल्यांनी या अटीच्या घराला तयार खाद्य चालत असेल तरच होकार द्या.

आणखी एक फार नेहमीचं बोलणं म्हणजे "कुत्रं चालेल, पण घरात नको, पोर्चमध्ये बांधा, राखण पण होईल." ऐकायला परवानगी वाटते. पण जे कुत्रं आत्तापर्यंत घरात झोपत होतं ते बाहेर बांधल्यावर रात्रभर भुंकतं, शेजारी तक्रार करतात आणि महिन्याभरात तीच परवानगी जाते. शिवाय दिवसदिवस साखळीला बांधून ठेवणं, फिरवायला न नेणं, हे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये बसतं. तेव्हा नम्रपणे पण स्पष्ट सांगा की ते घरातच राहणार, पोर्च रोज आम्ही धुऊन देऊ. नाही पटलं तर घर सोडा. जनावराला यातलं काही निवडता येत नाही, त्याच्या वतीनं आपणच बोलायचं असतं.

घर बघताना

वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली असेल तर नको, एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा 40 च्या आसपास जातो आणि पत्र्याखाली कुत्रं धापा टाकून बेजार होतं. उघड्या स्लॅबचा टॉप फ्लोअर असेल तर दुपारी तीनला जाऊन भिंतीला हात लावून बघा. सकाळी दहाला घर दाखवतात तेव्हा सगळीच घरं गार असतात.

गॅलरीच्या ग्रीलची फट, जिन्याचा कठडा, गच्चीचा कठडा किती उंच आहे ते बघा. मांजर असेल तर प्रत्येक खिडकी उघडून बघा, डासांची जाळी मांजर दोन दिवसांत फाडतं, त्यामुळं कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी बसवायला मालकाची परवानगी घ्या, ड्रिल मारू देतील का ते विचारा. लादी गुळगुळीत असेल तर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय घसरतात, चटया लागतील.

आणि रात्री दहानंतर एकदा त्या गल्लीत परत जा. दिवसा भटकी कुत्री सावलीला झोपलेली असतात, रात्री त्यांची हद्द कळते. कोपऱ्यावर पाच-सहाची टोळी असेल तर रोज तुमचं कुत्रं घेऊन तिथून जाणं अवघड आहे. पण तिथं कोणी त्यांना खायला घालत असेल तर त्या व्यक्तीशी ओळख करा, गल्लीतली कुत्री ज्याचं ऐकतात तो माणूस तुमच्या फार कामाला येतो.

फिरवायला जागा जवळ आहे का तेही बघा. आमराईसारख्या बागेत कुत्रं आत सोडतात का हे गेटवरच विचारून घ्या, गृहीत धरू नका. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पाय पण भाजतात, म्हणून मातीची वाट जवळ असलेली बरी.

अपार्टमेंट असेल तर कायद्याचं थोडं

सोसायटीत किंवा अपार्टमेंटमध्ये "इथं कुत्री अलाउड नाहीत" असं सेक्रेटरी सांगतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं 2015 ला मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यानुसार रहिवाशांची संघटना पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही, बहुमतानं ठराव केला तरी नाही, लिफ्ट वापरायला अडवू शकत नाही आणि त्याचे वेगळे पैसेही घेऊ शकत नाही. हे खरं आहे. पण भाडेकरूनं एक फरक समजून घ्यायचा. ही गोष्ट सोसायटीबद्दल आहे, फ्लॅटच्या मालकाबद्दल नाही. मालकानं करारात प्राणी नको असं लिहिलं आणि तुम्ही सही केली तर ती सूचना दाखवून उपयोग नाही. म्हणून आधी मालक पक्का करा, मग मालकालाच सेक्रेटरीशी बोलायला सांगा. त्या सूचनांची प्रिंट फाईलमध्ये ठेवा, पहिल्या भेटीत बाहेर काढू नका, अडवलं तर काढा.

करार

इथं तोंडी घरं फार दिली जातात, "कशाला कागद, आपलंच घर समजा." प्राणी असेल तर हे चालवून घेऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणं लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि रजिस्टर्ड पाहिजे, आणि रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. आता ते ऑनलाईन होतं, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये आहे, स्टँप ड्युटी वेगळी, आणि हा खर्च कोण करणार ते आधीच ठरवा.

ड्राफ्ट नीट वाचा. एजंटच्या कॉम्प्युटरमध्ये तयार मसुदा असतो, त्यात खाली कुठंतरी "पाळीव प्राणी ठेवणार नाही" अशी ओळ पडलेली असते, काकांनी तोंडी हो म्हटलेलं असतं आणि सही मात्र उलट्या गोष्टीवर होते. ती ओळ काढायला लावा आणि त्याजागी साधं लिहून घ्या, अमुक जातीचं, अमुक वयाचं, अमुक नावाचं एक कुत्रं जागेत ठेवायला मालकाची संमती आहे. गच्ची वापरायची का, जिना कोण पुसणार, दार-जाळीचं नुकसान झालं तर डिपॉझिटमधून खऱ्या दुरुस्तीएवढेच पैसे कापायचे, हे पण लिहा. काही मालक प्राण्यासाठी जास्तीचं डिपॉझिट मागतात, परत मिळणारं असेल तर द्या, दर महिन्याला "कुत्र्याचे वेगळे" म्हणून भाडं मागत असतील तर मी देऊ नका म्हणेन.

चावी घ्यायच्या दिवशी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, प्रत्येक दाराचा खालचा भाग, जाळ्या, भिंतीचे कोपरे, आणि तो त्याच दिवशी काकांना व्हॉट्सॲपवर पाठवा. आधीच्या भाडेकरूचे ओरखडे तुमच्या कुत्र्याच्या नावावर जाऊ नयेत. दाराला खाली पारदर्शक शीट चिकटवली की नवीन ओरखडे पण पडत नाहीत.

राहायला गेल्यावर

सामान लावायच्या गडबडीत कुत्रं पळून जातं, गेट उघडं राहतं, हमाल येत-जात असतात. त्या दिवशी त्याला एका खोलीत बंद ठेवा किंवा ओळखीच्या घरी सोडा. मांजराला आठ-दहा दिवस तरी एकाच खोलीत ठेवून मग हळूहळू घर मोकळं करा. गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा मोबाईल नंबर त्याच दिवशी लावा.

पहिल्या आठवड्यात खालच्या-वरच्या शेजाऱ्यांना स्वतः जाऊन भेटा, नंबर द्या, "आम्ही कामावर असताना भुंकलं तर मला सांगा, मालकांना सांगायच्या आधी" असं म्हणा. आणि त्याला एकदम आठ तास एकटं ठेवू नका, आधी अर्धा तास, मग तास, मग दोन तास, असं वाढवा. नवीन घरात आपण परत येणार आहे हे त्याला कळायला वेळ लागतो. शी उचलायला पिशवी रोज खिशात पाहिजे, दुसऱ्याच्या दारातली रांगोळी आणि तुळस यांच्यापासून पट्टा लांब ठेवा, गल्लीतल्या निम्म्या तक्रारी एवढ्यानंच थांबतात.

जूनमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर, घर उंचावर असलं तरी, त्याची फाईल, आठ दिवसांचं खाणं, औषधं, जादा पट्टा आणि मांजरासाठी पिंजरा एका जागी ठेवा, आणि त्याला घेऊन जाता येईल असं पूर नसलेल्या भागातलं एक घर बोलून ठेवा. 40 फुटांची बातमी आली की निघा, 45 ची वाट बघू नका, रस्ते एकेक करून बंद होत जातात.

करार अकरा महिन्यांचा असतो. दहाव्या महिन्यातच काकांना रिन्यूबद्दल विचारा, आणि नवीन करारात कुत्र्याची ओळ परत टाकून घ्या, कारण एजंट पुन्हा तोच जुना मसुदा काढतो.